काळी चारमधला डबा

सामूची बेस गिटार ऑर्केस्ट्रातून गेली असती तर मला कार्यक्रमामागे साठ रुपये जास्त मिळणार होते. हे आधीच सांगून टाकतो. सामूला एका कार्यक्रमाचे एकशे वीस मिळत. ते वाचले की साठ बापू चौगुलेंच्या खिशात आणि साठ माझ्या. बापूंनी ही वाटणी मला तालमीच्या खोलीत सगळ्यांसमोरच सांगितली होती, फक्त आवाज असा ठेवला होता की ऐकावी मी एकट्यानं.

ऑर्केस्ट्रा बापूंचा. मुख्य धंदा मंडपाचा; खुर्च्या, पडदे आणि भोंगे पडून असत म्हणून त्यांनी गाण्याची माणसं जमवली होती. मी कीबोर्डवर. दिवसा मिरजेत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. सामू म्हणजे सॅम्युअल आवळे, एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचा आणि संध्याकाळी स्टेजच्या कडेला उभा राहून बेस वाजवायचा. अकरा वर्षं वाजवत होता. त्याची गिटार बापूंच्या भोंग्यांच्या मशीनला जोडलेली असे आणि भोंग्यातून तसला खालचा आवाज निघत नाही. त्यामुळे सामू वाजवतो हे आम्हाला त्याच्या बोटांवरून कळायचं.

पंच्याण्णव सालच्या जुलैत तालमीला बापू त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"सामू, खरं सांग. तू वाजवतोस का नुसता उभा राहतोस?"

"वाजवतो की बापू."

"मग मला ऐकू का येत नाही? मी पहिल्या रांगेत बसतो."

"बेसला स्वतःचं मशीन लागतं, बापू. स्वतःचा स्पीकर, स्वतःचा बॉक्स."

"या दिगूच्या कीबोर्डात डाव्या हाताला बेस आहे. फुकट. त्याला जेवणाचं ताटही वेगळं लागत नाही."

सगळे हसले. सामूही हसला, आणि हसून झाल्यावर त्यानं गिटार पुसायला घेतली. मी कीबोर्डावरची धूळ बघत राहिलो.

"गणपतीत कारखान्याच्या वसाहतीत कार्यक्रम आहे," बापू उठताना म्हणाले. "त्या दिवशी शेवटच्या रांगेत बेस ऐकू आला तर तू राहिलास. नाही आला तर रक्त तपास, आमचं डोकं नको."

मशीनचे पैसे त्याच्या बायकोनं दिले. मार्था त्याच दवाखान्यात नर्स होती. नर्सांची भिशी होती, तिचा नंबर त्या महिन्यात लागला होता, साडेआठ हजार. त्यात त्यांच्या स्वयंपाकघराच्या पत्र्याच्या जागी स्लॅब पडायचा होता.

"मला गाण्यातलं काही कळत नाही भाऊजी," मार्था मला म्हणाली. "पण मी कार्यक्रमाला गेले की शेजारची बाई विचारते, तुमचे कोणते? मी सांगते, ते कडेचे. मग विचारते, ते काय वाजवतात? आता काय सांगू? मलाच अकरा वर्षांत ऐकू आलेलं नाही. तुम्ही मशीनमधले जाणकार. तुम्ही बरोबर जा."

म्हणजे ज्याला साठ रुपये मिळणार होते त्यालाच मार्थानं खरेदीला पाठवलं. तिला वाटणी माहीत नव्हती. सामूला होती की नाही, मला आजही नक्की सांगता येणार नाही.

पहाटेच्या एस.टी.नं पुण्याला गेलो. तपकीर गल्लीतल्या दुकानदारानं आधी बाहेरून आलेला एक संच दाखवला, बेचाळीस हजारांचा. सामूनं हात मागे बांधून तो बघितला, देवळात बघतात तसा. मग दुकानदारानं एक लहान मशीन पुढे केलं. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच खोक्यात, तीस वॉट, सहा हजार दोनशे. काळं, कोपऱ्यांना चकचकीत पत्रा, वर मूठ.

"हे घेऊया दिगू," सामू म्हणाला. "एका हातानं उचलतंय."

"उचलायचंय का ऐकू यायचंय? तीस वॉट म्हणजे घरात बसून वाजवायला. मंडपात ढोलकीखाली सापडणार नाही."

"मग?"

"अ‍ॅम्प्लिफायर वेगळा घे, दीडशे वॉटचा. पंधरा इंची स्पीकर वेगळा. बॉक्स आपण करून घेऊ."

अ‍ॅम्प्लिफायर पाच हजार चारशेला पडला. स्पीकरला दुकानदार म्हणाला, हा घ्या, तीनशेनं स्वस्त. मी उलटा करून बघितला, चार ओहमचा होता. त्या अ‍ॅम्प्लिफायरला आठचा लागत होता. चारचा जोडला असता तर दुसऱ्याच कार्यक्रमात धूर निघाला असता. दुकानदाराला तसं म्हणालो, तर तो म्हणाला, "साहेब जाणकार दिसतात." आठ ओहमचा दोन हजार एकशे पन्नासला घेतला. तयार बॉक्सचे अडतीसशे सांगत होता. आमच्याकडे भाडं आणि चहा जाऊन आठशे दहा उरत होते, म्हणून बॉक्सकडे आम्ही बघितलंच नाही.

इथपर्यंतचा माझा सल्ला चोख होता. त्या बाबतीत माझ्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही.

परतीच्या गाडीत सामू मांडीवर स्पीकर घेऊन झोपला. खोक्यात बॉक्स कसा करावा याचे कागद होते, दोन पानं, इंग्रजीत. ती त्यानं सातारा यायच्या आधीच माझ्याकडे दिली होती. "तूच बघ, मला आकडे कळत नाहीत." मी वाचत आलो.

बॉक्स कुणाकडे करायचा हा प्रश्न सामूला पडलाच नाही. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी इमामचाचा मुजावरांचा कारखाना होता. चाचा तंबोरे करायचे, चाळीस वर्षं. सामूच्या गिटारची मान एकदा तुटली होती ती त्यांनीच जोडली होती, आणि जोड कुठे आहे ते सामूलाही दाखवता येत नसे. आढ्याला भोपळे टांगलेले, खाली लाखेचा वास, आणि मध्ये चाचा फळीवर उकिडवे.

"बेस म्हणजे काय रे?" त्यांनी विचारलं.

"जाड आवाज, चाचा. खालचा," सामू म्हणाला.

"तंबोऱ्याचा खर्ज असतो तसा?"

"त्याच्याही खाली."

"मग लाकूड बोलकं पाहिजे." चाचांनी भिंतीला टेकवलेली तूनच्या लाकडाची एक फळी ओढली, बोटाच्या पेरानं ठोकली आणि कान लावला. "बघ. दहा वर्षं वाळलीय. अजून बोलतीय."

मी पहिलं पान त्यांच्यापुढे ठेवलं. चाचांना इंग्रजी येत नसे, पण चित्र आणि आकडे त्यांनी पटकन वाचले. उंची चोवीस, रुंदी वीस, खोली सोळा, तोंडाला गोल भोक.

"जाडी किती ठेवायची?"

"जाडी तुम्ही ठरवा चाचा," मी म्हणालो. "लाकडातलं आम्ही तुम्हाला काय सांगणार?"

चाचांना हे वाक्य आवडलं. त्यांनी कागद घडी घालून टोपीखाली ठेवला.

"अर्धा इंच बास. कडेला त्याहून कमी. आणि सूर कोणता?"

"कसला सूर?" सामू म्हणाला.

"अरे, डबा कुणाच्या गळ्याला लावायचा? तंबोऱ्याला विचारतो की मी, बाईचा का पुरुषाचा."

सामूनं माझ्याकडे बघितलं. मी भोपळ्यांकडे बघितलं.

"आमची शलाका गाते ती बहुतेक काळी चारमध्ये," सामू म्हणाला.

"काळी चार." चाचांनी फळीवर पेन्सिलीनं तसं लिहिलं. "लाकडाचे सहाशे दे. मजुरी वाजल्यावर. माझा डबा वाजला नाही असं झालं नाही कधी."

आठवड्यानं बोलावलं. असा बॉक्स मी तोवर पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. तंबोऱ्याला करतात तसं मधाळ पॉलिश, तोंडाच्या कडेनं पांढऱ्या सेल्युलॉइडची वेल, वेलीला बारीक पानं. चाचांनी सूरपेटीवर काळी चार धरली, दुसऱ्या हातानं डबा ठोकला. डब्यानं तोच सूर दिला. आतून रंधा मारत मारत त्यांनी तो तिथवर आणला होता.

"आता जोड," ते म्हणाले.

सामूनं अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दोनवर ठेवलं आणि एक तार छेडली. आढ्याचे भोपळे हलले. खोली लहान, आवाज लहान, आणि त्या दोनच्या आकड्यावर तो डबा खरोखर गोड वाजत होता. चाचांनी डोळे मिटले. सामूनं उगीचच गिटारचा पट्टा नीट केला, पुन्हा नीट केला.

"पोतदार, तू मशीनवाला," चाचा मला म्हणाले. "बोल की काहीतरी."

"सुरेख झालाय चाचा," मी म्हणालो. ते खोटंही नव्हतं.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला होता. वसाहतीच्या मैदानात मंडप, चारशे-पाचशे माणसं. बापू पहिल्या रांगेत. शेवटच्या रांगेत मार्था, आणि तिच्याशेजारी धुतलेली टोपी घालून इमामचाचा. बॉक्स स्टेजवर ठेवला तेव्हा पुढच्या बायका वेलीकडे बोट दाखवून बोलत होत्या.

मंडपात दोनवर भागत नाही. सामूनं बटण सातवर नेलं.

पहिल्या गाण्याच्या पहिल्या ओळीत काही कळलं नाही. ओळ संपून शलाका सा वर आली, सामूनं खाली तोच सूर धरला आणि डबा भुंकला. दुसरा शब्द मला सुचत नाही. सगळी फळी एकदम थरथरली, सेल्युलॉइडची वेल एका टोकाला सुटली आणि रातकिड्यासारखी वाजू लागली. सामू दुसऱ्या सुरावर गेला, तर आवाज गायब. परत सा वर आला, परत भुंकला. म्हणजे चाचांनी सांगितलं होतं तसंच झालं होतं. डबा काळी चारमध्ये लागला होता, आणि बाकीच्या सुरांत त्याला बोलायचं नव्हतं.

शलाकानं मुखड्यात मागे वळून बघितलं. ढोलकीवाल्याची सम चुकली. सामूनं बटण सहावर आणलं, मग पाचवर. पाचवर भुंकणं कमी झालं आणि बाकी काहीच ऐकू येईना. दुसऱ्या गाण्याला त्यानं सा टाळून वाजवायचा प्रयत्न केला. सा टाळून बेस वाजवणं म्हणजे दार टाळून घरात जाणं.

दुसरं गाणं संपायच्या आत बापूंनी पहिल्या रांगेतून डावा हात वर केला आणि बोटं हलवली. ती खूण मला होती. मी कीबोर्डातल्या बेसचं बटण दाबलं. दाबायला किती वेळ लागला ते मला नेमकं ठाऊक आहे, कारण बोट आधीच तिथं होतं.

सामूनं आपला अ‍ॅम्प्लिफायर शून्यावर नेला. पुढची चौदा गाणी तो उभा राहून वाजवत होता. एकही सूर चुकत नव्हता. मी बोटांवरून बघत होतो.

कार्यक्रम संपल्यावर मार्था माणसं सारत स्टेजपाशी आली. तोंडावर घाम आणि आनंद.

"आज ऐकू आला," ती म्हणाली. "पहिल्याच गाण्याला. शेजारणीला सांगितलं, हा बघा, हा आमचा."

"हो," सामू म्हणाला.

"नंतर हळू केला का?"

"हो. नंतर हळू केला."

बापू आले. त्यांनी सामूच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकू आला हं सामू, शेवटच्या रांगेपर्यंत. तुझं म्हणणं खरं होतं." मग पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. "पुढच्या कार्यक्रमाचं कळवतो."

कळवलं नाही. सामूनंही विचारलं नाही.

इमामचाचा तेवढ्यात स्टेजवर चढले होते आणि बॉक्सच्या पाठीवर तळवा ठेवून उभे होते, घोड्याला धरतात तसे. सामूनं मजुरीचं काढलं तर ते म्हणाले, "वाजल्यावर म्हणालो होतो ना? मग?" आणि हातगाडी बघायला गेले.

तीन आठवड्यांनी चाचांनी मला बोलावणं पाठवलं. गेलो तर डबा उघडा पडला होता. आतून चारही बाजूंना जुन्या दाराच्या सागवानी फळ्या बसवलेल्या, मध्ये आडव्या-उभ्या काठ्या, कोपऱ्यांत लाख ओतलेली. सागवान त्यांच्याच माडीच्या दाराचं होतं; वर बघितलं तर दाराच्या जागी पोतं लटकत होतं. दोन तंबोऱ्यांची गिऱ्हाइकं परत गेली होती, तेही त्यांनीच सांगितलं, जाता जाता.

"ठोक," ते म्हणाले.

मी ठोकलं. भिंतीवर ठोकावं तसं टक् झालं आणि संपलं.

"मेलं का नाही?" चाचा म्हणाले. "चाळीस वर्षं लाकडाला बोलतं करतोय. हे मारायला तीन आठवडे लागले. रोज वाटायचं, आपण काहीतरी पाप करतोय." त्यांनी टोपीखालून कागद काढला आणि माझ्यापुढे उलगडला. "आता दुसरं पान दे."

"कुठलं?"

"खाली कोपऱ्यात बाण आहे बघ. बाण म्हणजे पुढे पान आहे. मला इंग्रजी येत नाही पोतदार, बाण येतो."

मी कागदाची घडी होती तशी परत घातली.

दुसऱ्या पानावर काय होतं ते मला गाडीतच पाठ झालं होतं. लाकूड पाऊण इंचापेक्षा पातळ नको. आतून आडवे आधार हवेत. बॉक्स ठोकला तर त्याचा स्वतःचा सूर निघता कामा नये. ते पान मी सातारा सोडल्यावर शर्टाच्या खिशात घातलं. नंतर वाचू म्हणून घातलं आणि विसरलो, असं मी स्वतःला महिनाभर सांगत होतो. पण शर्ट धुवायला टाकताना ते काढून मी दुकानाच्या खणात ठेवलं होतं. विसरलेला माणूस खिसा रिकामा करत नाही.

"मी बाण पहिल्याच दिवशी बघितला होता," चाचा म्हणाले. "मागितलं नाही. म्हटलं, मला कागद काय शिकवणार? तू म्हणालास, लाकडातलं तुम्हाला काय सांगायचं, ते गोड लागलं. म्हणजे तू दिलं नाहीस आणि मी मागितलं नाही."

"सामूला सांगणार का?"

"माझ्या वाट्याचं मी सांगेन, जमेल तेव्हा. तुझ्या वाट्याचं तू सांग."

सामू तो डबा चर्चमध्ये घेऊन गेला. एका रविवारी मी बाहेरच्या रस्त्यानं सायकलवरून जात होतो आणि हँडलमध्ये काहीतरी हललं म्हणून उतरलो. बेसचा आवाज चर्चच्या भिंतीतून येत होता. वर जाताना, खाली येताना, प्रत्येक सूर सारखा, कुणी कुणावर ओरडत नव्हता. मी एक गाणं पूर्ण ऐकलं आणि सायकलवर बसलो.

बापूंचा ऑर्केस्ट्रा आणखी चार हंगाम चालला. एकशे छप्पन कार्यक्रम. साठनं गुणलं की नऊ हजार तीनशे साठ होतात, मार्थाच्या पूर्ण भिशीपेक्षा आठशे साठ जास्त. मी गुणाकार एकदाच केला होता, पण तो विसरत नाही.

बारा वर्षांनी सामू दुकानात आला, तोच अ‍ॅम्प्लिफायर घेऊन. डोक्यावरचे केस गेले होते. गुरगुर येते म्हणाला. मी उघडला, एक कंडेन्सर फुगला होता, तो बदलला. सामू समोरच्या स्टुलावर बसून होता.

"इमामचाचा गेले गेल्या महिन्यात," तो म्हणाला.

"ऐकलं."

"शेवटी भेटायला गेलो होतो. म्हणाले, सामू, त्या डब्याचा कागद मी मागायला पाहिजे होता, मागितला नाही, तेवढं माझं. मी म्हटलं, कसला कागद चाचा? तर म्हणाले, माझं मी सांगितलं, बाकीचं ज्याचं त्यानं सांगायचं."

मी अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण लावत होतो. चार स्क्रू असतात. मी चारही लावले.

"कसला कागद रे, दिगू?"

कागद काउंटरच्या खणात होता, जुन्या बिलबुकांच्या खाली. माझा गुडघा त्या खणाला टेकलेला होता.

"असेल काहीतरी," मी म्हणालो. "शेवटी माणूस काहीही बोलतो."

"चाचा नाही बोलायचे काहीही," सामू म्हणाला. रागानं नाही. वाट बघितली थोडी, मग उठला. "किती झाले?"

"राहू दे रे."

"लिही. दुकान आहे तुझं."

मी बिलबुक ओढलं आणि लिहिलं. लिहून झाल्यावर आकडा वाचला, तर साठ लिहिले होते. हात आपोआप गेला होता. सामूनं समोरून, उलटा, तो आकडा वाचला. जरा जास्तच वेळ वाचला. मग पन्नासची एक आणि दहाची एक नोट काढून बिलावर ठेवली.

"मोजून घे," तो म्हणाला, अ‍ॅम्प्लिफायर उचलला आणि गेला.

मार्थाच्या स्वयंपाकघरावर तेव्हाही पत्राच होता. चाचांनी मजुरी सोडली, तीन आठवडे दिले आणि माडीचं दार दिलं. सामूनं ऑर्केस्ट्रातली जागा दिली होती, आणि हे साठही त्यानंच दिले. मी ते मोजून घेतले.